‘९० टक्के ब्लॉक’ म्हणजे नेमका किती धोका? आजाराचा धोका चित्रातून समजून घ्या

तपासणीचा रिपोर्ट हातात येतो. त्यावर ‘९० टक्के ब्लॉक’, ‘हाय रिस्क’ किंवा ‘१:२००’ असे काहीतरी लिहिलेले असते. डॉक्टर पाच-सात मिनिटे समजावून सांगतात, तुम्ही मान डोलावता आणि बाहेर आल्यावर घरातले विचारतात, “काय म्हणाले डॉक्टर?” तेव्हा लक्षात येते की आकडा तर आठवतो, पण त्याचा अर्थ सांगता येत नाही. ९० टक्के म्हणजे आता काही खरे नाही, की औषधांनी भागेल? हाय रिस्क म्हणजे आजार आहे, की होऊ शकतो? आणि त्याच वेळी निर्णयही घ्यायचा असतो: शस्त्रक्रिया करायची की नाही, गोळी सुरू करायची की नाही, पुढची तपासणी करायची की नाही.

यात तुमच्या शिक्षणाचा काही संबंध नाही. टक्के आणि शक्यता यांत भलेभले शिकलेले लोक चुकतात, डॉक्टरही गडबडतात. मात्र हेच आकडे ठिपक्यांच्या साध्या चित्रात मांडले की चटकन उलगडतात. असे चित्र कसे वाचायचे, वहीच्या पानावर स्वतः कसे काढायचे आणि त्याच्या मदतीने डॉक्टरांशी कसे बोलायचे, ते या लेखात पाहू.

टक्के का फसवतात?

१९९५ सालची ब्रिटनमधली गोष्ट आहे. काही नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका ‘दुप्पट’ होतो, असा इशारा तिथल्या औषध सुरक्षा समितीने दिला. बातमी वाचून हजारो स्त्रियांनी घाबरून गोळ्या बंद केल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले, असा अंदाज आहे.

आता त्या ‘दुप्पट’ची फोड करू. जुन्या गोळ्या घेणाऱ्या ७,००० स्त्रियांपैकी साधारण एकीला गुठळीचा त्रास होत होता. नव्या गोळ्यांमध्ये तो ७,०००पैकी दोघींना होत होता. एकाचे दोन झाले, म्हणून दुप्पट. हे गणित बरोबरच आहे. पण उरलेल्या ६,९९८ स्त्रियांना दोन्ही प्रकारच्या गोळ्यांमुळे काहीच होत नव्हते, हे ‘दुप्पट’ या शब्दातून कळत नाही. शिवाय गरोदरपणात गुठळीचा धोका या गोळ्यांपेक्षा जास्त असतो, ही गोष्टही त्या घबराटीत मागे पडली.

आजही जाहिरातीत, बातमीत आणि व्हॉट्सअॅपवर आलेल्या मजकुरात धोका असाच सांगितला जातो: ‘धोका निम्म्यावर’, ‘५० टक्के फायदा’, ‘तिप्पट शक्यता’. अशा वेळी एकच प्रश्न विचारायचा: कशाच्या निम्मे? कशाच्या तिप्पट? मूळ धोका किती, हे कळल्याशिवाय या शब्दांना अर्थ नाही. शंभरात ४० जणांना होणारा त्रास निम्मा झाला तर २० जण वाचतात. दहा हजारांत दोघांना होणारा त्रास निम्मा झाला तर वाचतो एक जण. ‘निम्मा’ हा शब्द मात्र दोन्हीकडे तोच.

शंभर ठिपक्यांचे चित्र

यावर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे शंभर माणसे डोळ्यांसमोर आणणे. एक ठिपका म्हणजे एक माणूस. दहा ओळी आणि प्रत्येक ओळीत दहा ठिपके.

एक उदाहरण घेऊ. एका गृहस्थांना मधुमेह आहे, रक्तदाब वाढलेला आहे आणि ते सिगारेट ओढतात. त्यांचे वय आणि इतर गोष्टी जमेस धरून डॉक्टरांनी सांगितले, “पुढच्या दहा वर्षांत हार्ट अटॅक किंवा पक्षाघात होण्याचा तुमचा धोका २० टक्के आहे. कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी घेतली, तर तो साधारण पाव हिश्श्याने कमी होईल.” त्यांच्यासारखीच शंभर माणसे ही गोळी दहा वर्षे घेत आहेत, असे समजू. त्याचे चित्र असे होईल:

● ● ● ● ● ● ● ● ● ●
● ● ● ● ● ◐ ◐ ◐ ◐ ◐
○ ○ ○ ○ ○ ○ ○ ○ ○ ○
○ ○ ○ ○ ○ ○ ○ ○ ○ ○
○ ○ ○ ○ ○ ○ ○ ○ ○ ○
○ ○ ○ ○ ○ ○ ○ ○ ○ ○
○ ○ ○ ○ ○ ○ ○ ○ ○ ○
○ ○ ○ ○ ○ ○ ○ ○ ○ ○
○ ○ ○ ○ ○ ○ ○ ○ ○ ○
○ ○ ○ ○ ○ ○ ○ ○ ○ ○

○ रिकामा ठिपका (८० जण): गोळी घेतली नसती तरी दहा वर्षांत त्रास झाला नसता.
◐ अर्धा भरलेला ठिपका (५ जण): गोळी घेतली म्हणून अटॅक किंवा पक्षाघात टळला.
● भरलेला ठिपका (१५ जण): गोळी घेऊनही त्रास झाला.

या एका चित्रातून तीन गोष्टी कळतात. पहिली, बहुतेक ठिपके रिकामे आहेत. २० टक्के धोका म्हणजे अटॅक येणारच, असे नाही. दुसरी, गोळी म्हणजे पूर्ण संरक्षण नाही; १५ जणांना तिचा उपयोग झाला नाही. तिसरी, पाच जणांचा मोठा आजार टळला, आणि ही संख्या लहान नाही.

चौथी गोष्ट कोणतेही चित्र सांगू शकत नाही: यांतला आपला ठिपका कोणता? ते कुणालाच आधी कळत नाही, डॉक्टरांनाही नाही. म्हणूनच शंभरातल्या पाचांचा फायदा आपल्यासाठी रोज गोळी घेण्याइतका मोलाचा आहे का, हा प्रश्न शेवटी तुमच्यासमोर येतो. काही जण म्हणतील, “पाच तर पाच, मला घ्यायचीच आहे.” काही म्हणतील, “आधी सिगारेट सोडतो, मग बघू.” चित्र पाहून, समजून घेतलेला निर्णय असेल तर दोन्हीही समंजस आहेत. त्यातही सिगारेट सोडण्याला पर्याय नाही. गोळी घ्या किंवा न घ्या, ते करायचेच आहे.

आता दुसरे उदाहरण. एका चाळिशीतल्या बाईंना ना मधुमेह, ना रक्तदाब, ना तंबाखू. त्यांचा दहा वर्षांचा धोका शंभरात चार आहे, असे समजा. त्याच गोळीने तोही पाव हिश्श्याने कमी होईल, म्हणजे चाराचे तीन. शंभर जणींनी दहा वर्षे गोळी घेतल्यावर एकीला फायदा. पाव हिस्सा दोन्हीकडे तोच, पण चित्रात एकीकडे पाच अर्धे भरलेले ठिपके आहेत आणि दुसरीकडे एकच. शेजाऱ्यांना दिलेली गोळी आपल्याला का दिली नाही, याचे उत्तर बहुतेक वेळा इथे असते.

अँजिओग्राफीचे चित्र: काय दाखवते आणि काय नाही

चित्राने समज वाढते, तशी ती बिघडूही शकते. आपल्याकडे याचे सगळ्यात नेहमीचे उदाहरण म्हणजे अँजिओग्राफी. पडद्यावर हृदयाची रक्तवाहिनी दिसते आणि मध्येच ती चिमटीत धरल्यासारखी बारीक झालेली असते. “हा बघा, ९० टक्के ब्लॉक.” हे पाहिल्यावर घरच्यांच्या मनात एकच विचार येतो: रक्त जायला दहा टक्केच जागा उरली, म्हणजे अटॅक येण्याची शक्यता ९० टक्के!

असे नसते. ९० टक्के हे त्या जागी रक्तवाहिनी किती अरुंद झाली आहे, याचे माप आहे. ते अटॅक येण्याच्या शक्यतेचे माप नाही. अटॅक बऱ्याचदा येतो तो रक्तवाहिनीच्या भिंतीतला चरबीचा थर अचानक फुटून त्यावर रक्ताची गुठळी झाल्यामुळे. असा थर पडद्यावर किरकोळ दिसणाऱ्या, ४०-५० टक्के अरुंद जागीही फुटू शकतो. स्टेंट एक जागा रुंद करतो. औषधे, तंबाखू सोडणे, व्यायाम आणि आहार यांचा परिणाम सगळ्याच रक्तवाहिन्यांवर होतो.

म्हणून अँजिओग्राफीच्या चित्राशेजारी ठिपक्यांचे चित्रही हवे. ते कसे दिसेल, हे ‘इस्कीमिया’ नावाच्या मोठ्या चाचणीवरून सांगता येते. तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. भारतासह ३७ देशांतले ५,१७९ रुग्ण तिच्यात होते. सगळ्यांचा हृदयविकार स्थिर होता, म्हणजे अलीकडे अटॅक आलेला नव्हता आणि त्रास अचानक वाढलेला नव्हता. मात्र हृदयाला रक्त कमी पडत असल्याचे तपासणीत मध्यम ते तीव्र प्रमाणात दिसले होते. निम्म्यांची लगेच अँजिओग्राफी करून गरजेप्रमाणे अँजिओप्लास्टी किंवा बायपास केली आणि औषधेही दिली. उरलेल्या निम्म्यांना आधी औषधे देऊन जीवनशैलीत बदल करायला सांगितले. त्याने भागले नाही तरच पुढची प्रक्रिया.

निकाल शंभर ठिपक्यांत मांडू. अटॅक, हृदयविकाराने मृत्यू, छातीत दुखणे अचानक वाढल्यामुळे किंवा हार्ट फेल्युअरमुळे दवाखान्यात दाखल होणे, हृदय बंद पडून पुन्हा सुरू करावे लागणे, यांपैकी काहीही झाले तर ठिपका भरायचा.

- पहिले सहा महिने: लगेच प्रक्रिया केलेल्या शंभरांपैकी सुमारे ५ ठिपके भरले, आधी औषधे घेतलेल्यांत सुमारे ३. प्रक्रियेचे स्वतःचे धोके असतात, ते सुरुवातीलाच दिसतात.
- पाच वर्षे: लगेच प्रक्रिया केलेल्यांत सुमारे १६, आधी औषधे घेतलेल्यांत सुमारे १८. हा फरक इतका लहान आहे की तो योगायोगानेही येऊ शकतो.
- मृत्यू: चाचणीच्या काळात एका गटात १४५, दुसऱ्या गटात १४४. म्हणजे फरक नाही.
- छातीतले दुखणे: ज्यांना ते वारंवार होत होते, त्यांना प्रक्रियेने औषधांपेक्षा जास्त आराम मिळाला.
- नंतर प्रक्रिया करावी लागणे: आधी औषधे घेतलेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकाला पुढे अँजिओप्लास्टी किंवा बायपास करावी लागली. पाचातल्या चौघांना त्या काळात ती लागली नाही.

म्हणजे स्थिर हृदयविकारात निवड बऱ्याचदा ‘जीव की मृत्यू’ अशी नसते. चार पायऱ्या चढल्या की छाती भरून येते, बाजारात चालत जाता येत नाही, आणि औषधे घेऊनही हे होत असेल, तर स्टेंटने आयुष्य नक्कीच सुखाचे होऊ शकते. दुखणे नसेल किंवा गोळ्यांनी आटोक्यात असेल, तर विचार करायला वेळ आहे. “आत्ताच्या आत्ता सही करा” असे ऐकू आले, तरी “आमचा विकार स्थिर आहे की तातडीचा?” हे शांतपणे विचारायला हरकत नाही.

हे चित्र सगळ्यांना लागू नाही, हेही तितकेच महत्त्वाचे. हृदयाच्या डाव्या बाजूच्या मुख्य रक्तवाहिनीतच मोठा अडथळा असलेले, हृदयाची पंपिंगची ताकद फार कमी झालेले आणि औषधे घेऊनही दुखणे असह्य असलेले रुग्ण या चाचणीत नव्हते. तुम्ही त्यांपैकी असाल तर सल्ला वेगळा असू शकतो.

खर्चाचाही एक शब्द. सरकारी योजनेत किंवा विम्यात बसते, ही दिलासा देणारी बाब आहे, पण तेवढ्यासाठी कोणतीही प्रक्रिया करून घेऊ नये. तसेच खर्चाच्या भीतीने गरजेची प्रक्रिया टाळूही नये. आधी गरज ठरवा, मग पैशांचे बघा.

‘१:२००, हाय रिस्क’: गरोदरपणातला घाबरवणारा रिपोर्ट

गरोदरपणाच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यात डबल मार्कर ही रक्ताची तपासणी सोनोग्राफीबरोबर करतात. बाळाला डाउन सिंड्रोम असण्याची शक्यता तिच्यातून काढतात. अनेक लॅबमध्ये १:२५० ही सीमारेषा धरलेली असते. त्यामुळे १:२०० आले की रिपोर्टवर लाल किंवा ठळक अक्षरांत ‘हाय रिस्क’ छापून येते, आणि त्या घरात त्या रात्री कुणाला झोप लागत नाही.

वहीच्या दोन पानांवर शंभर-शंभर ठिपके काढा. दोनशेपैकी एकच ठिपका भरा. १:२०० म्हणजे हे चित्र. असाच रिपोर्ट आलेल्या २०० स्त्रियांपैकी १९९ जणींच्या बाळाला डाउन सिंड्रोम नसेल, एकीच्या बाळाला असेल. ‘हाय रिस्क’ म्हणजे आजार सापडला असे नाही, तर पुढची तपासणी हवी का याचा विचार करण्याची वेळ आली, एवढेच.

या आकड्यांत आणखी एक गोंधळ नेहमी होतो. १:२०० मोठा धोका की १:१०००? हजार ही संख्या मोठी, म्हणून १:१००० जास्त वाटते. प्रत्यक्षात उलटे आहे. दोघांनाही हजार ठिपक्यांत मांडा: १:२०० म्हणजे हजारात पाच, १:१००० म्हणजे हजारात एक. तुलना करायची असेल तर खालचा आकडा नेहमी सारखा करून घ्या.

पुढचे पर्याय साधारण तीन असतात. आईच्या रक्तातून बाळाच्या डीएनएची तपासणी (एनआयपीटी) डबल मार्करपेक्षा बरीच अचूक आहे, पण तीही चाळणीच आहे, पक्के निदान नाही. पक्के निदान गर्भजल किंवा वारेचा अंश काढून तपासल्यावर होते. गर्भजल तपासणीमुळे गर्भपात होण्याचा धोका अनुभवी हातांत २०० मध्ये एकापेक्षा कमी असतो. आणि तिसरा पर्याय, पुढची तपासणी न करणे. कोणता पर्याय घ्यायचा, हे आई-वडिलांनी ठरवायचे. मात्र केवळ डबल मार्करच्या रिपोर्टवरून गर्भपाताचा निर्णय कधीही घेऊ नका. त्या १९९ रिकाम्या ठिपक्यांकडे एकदा बघितले की असे का, ते कळते.

रंगांचा तक्ता

प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तपासणी शिबिरात भिंतीवर रंगीत चौकटींचा तक्ता तुम्ही पाहिला असेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सुधारलेले असे तक्ते जगाच्या वेगवेगळ्या विभागांसाठी आहेत. भारतासाठी दक्षिण आशियाचा तक्ता वापरायचा. वय, स्त्री की पुरुष, तंबाखू, वरचा रक्तदाब, मधुमेह आणि कोलेस्टेरॉल एवढी माहिती घेऊन आपली चौकट शोधायची. कोलेस्टेरॉल तपासलेले नसेल तर वजन-उंचीवरून काढलेल्या बीएमआयचा वेगळा तक्ताही आहे.

चौकटीचा रंग पुढच्या दहा वर्षांतला हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा धोका सांगतो: हिरवा म्हणजे शंभरात ५ पेक्षा कमी, पिवळा ५ ते १०, नारिंगी १० ते २०, लाल २० ते ३० आणि गडद लाल ३० किंवा जास्त.

या तक्त्याचा खरा उपयोग शेजारच्या चौकटीकडे बघण्यात आहे. वय मागे नेता येत नाही. पण तंबाखू सोडली तर आपण कोणत्या रकान्यात जातो? रक्तदाब १६० वरून १३० वर आला तर किती ओळी खाली येतो? काय बदलल्याने किती फरक पडेल, ते बोटाने दाखवता येते. नुसत्या ‘तब्येतीला जपा’पेक्षा हे जास्त पटते. ज्यांना आधीच अटॅक किंवा पक्षाघात येऊन गेला आहे, त्यांच्यासाठी मात्र हा तक्ता नाही. त्यांचा धोका जास्तच धरायचा असतो.

चित्र दाखवले, तरी हे तपासा

चांगले चित्र समजावते, वाईट चित्र पटवते. कुणी आलेख किंवा चित्र दाखवले तर एवढे बघा:

- कालावधी लिहिला आहे का? ‘शंभरात १०’ हे एका वर्षात, दहा वर्षांत की आयुष्यभरात?
- आलेख शून्यापासून सुरू होतो का? खांबांच्या आलेखात खालचा भाग कापला, तर ९२ आणि ९५ यांतला फरक दुप्पट-तिप्पट दिसू शकतो.
- फायदा आणि तोटा एकाच मापात आहेत का? फायदा ‘५० टक्क्यांनी’ आणि तोटा ‘हजारात एक’ असा सांगितला असेल, तर दोन्ही शंभरांत किंवा दोन्ही हजारांत मागा.
- काहीच न केल्यास काय होईल, ते दाखवले आहे का? उपचार न घेणाऱ्यांचे चित्र शेजारी नसेल तर तुलना होत नाही.
- दोन्ही बाजू दिसतात का? ‘शंभरात १० दगावतात’ आणि ‘शंभरात ९० वाचतात’ ही एकच गोष्ट आहे, पण मनावर परिणाम वेगळा होतो. ठिपक्यांच्या चित्रात दोन्ही एकदम दिसतात, हाच त्याचा मोठा गुण.
- ही शंभर माणसे आपल्यासारखी आहेत का? वय, इतर आजार आणि आजाराची पायरी जुळते का?

घरी चित्र कसे काढाल?

चौकटीची वही घ्या आणि दहा बाय दहा चौकटींचा चौकोन आखा. एका बाजूला ‘उपचार न घेता’ आणि शेजारी ‘उपचार घेऊन’ असे दोन चौकोन करा. वर कालावधी लिहा. त्रास होणाऱ्यांच्या चौकटी वरच्या ओळीपासून सलग भरा. इकडेतिकडे विखुरल्या तर मोजायला अवघड जाते. उपचाराच्या दुष्परिणामांसाठी तिसरा चौकोन काढा.

आकडे तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या. इंटरनेटवर सापडलेला आकडा दुसऱ्याच देशातल्या, दुसऱ्याच वयाच्या रुग्णांचा असू शकतो.

आजी-आजोबांना वाचता येत नसेल, किंवा नजर अधू असेल, तर ताटात शंभर शेंगदाणे मांडा आणि त्यांतल्या जितक्यांना त्रास होईल तितक्या जागी चिंचोके ठेवा. हाताने चाचपूनही समजते. रंग वापरणार असाल तर लाल-हिरवा टाळा. काही जणांना, विशेषतः पुरुषांना, हे रंग वेगळे ओळखता येत नाहीत. भरलेला आणि रिकामा ठिपका सगळ्यांना कळतो.

हे पान घरातल्या सगळ्यांना दाखवा. मुलगा परदेशात, मुलगी दुसऱ्या गावी, आणि प्रत्येकाने फोनवर वेगळेच ऐकलेले, असे बऱ्याच घरांत होते. पानाचा फोटो पाठवला की सगळे निदान एकाच चित्रावर बोलतात. आणि ज्यांच्यावर उपचार होणार आहेत, त्यांना ते पान सगळ्यात आधी दाखवा. ‘आईला टेन्शन नको’ म्हणून तिला वगळून निर्णय घेऊ नका. तिला गुडघेदुखीतून चालता यायला हवे आहे की शस्त्रक्रियेचा धोका नको आहे, हे तिच्याइतके कुणाला माहीत असणार?

डॉक्टरांना हे विचारा

१. माझ्यासारखे शंभर पेशंट असतील आणि त्यांनी हा उपचार घेतला नाही, तर किती जणांना काय होईल? किती काळात?
२. त्याच शंभर जणांनी उपचार घेतला तर?
३. उपचारामुळे किती जणांना त्रास होतो? त्यांतला गंभीर किती आणि तात्पुरता किती?
४. दुसरे पर्याय कोणते? थांबून लक्ष ठेवणे हा पर्याय आहे का?
५. निर्णय आज घ्यायला हवा की आठवडाभराने चालेल?
६. हे मला या कागदावर काढून दाखवाल का?

शेवटचा प्रश्न विचारताना संकोच वाटतो. डॉक्टरांवर अविश्वास दाखवल्यासारखे होईल, असे वाटते. तसे नाही. उपचाराचे स्वरूप, फायदे, महत्त्वाचे धोके आणि पर्याय समजावून मगच संमती घ्यायला हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच स्पष्ट केले आहे. समजून घेणे हा तुमचा हक्क आहे. ओपीडीत गर्दी असेल तर “पाच मिनिटे कधी मिळतील?” असे विचारून ठेवा. निघण्यापूर्वी “मला असे समजले, बरोबर आहे ना?” म्हणून आपल्या शब्दांत सांगून बघा. चूक असेल तर तिथेच दुरुस्त होईल.

याने खरोखर फरक पडतो. निर्णयाला मदत करणाऱ्या पुस्तिका, चित्रे आणि व्हिडिओ यांवर झालेल्या २०९ चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांत एक लाखाहून जास्त लोक होते. अशी साधने वापरलेल्यांना आपल्या आजाराची माहिती जास्त होती, धोक्याचा अंदाज जास्त अचूक होता आणि निर्णयात त्यांचा सहभागही जास्त होता.

चित्र काढत बसू नका, अशी वेळ

छातीत अचानक जोरात दुखणे किंवा दडपण येणे, दरदरून घाम, दम लागणे. तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोबडी वळणे. थांबत नसलेला रक्तस्राव: यांत एकेक मिनिट मोलाचे असते. लगेच १०८ला फोन करा किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या. अटॅक चालू असताना केलेली अँजिओप्लास्टी जीव वाचवते. वर सांगितलेली स्थिर आजाराची आकडेवारी तिथे लावू नका. आणि चालू असलेले कोणतेही औषध, हा लेख वाचून किंवा चित्र काढून, डॉक्टरांना न विचारता बंद करू नका.

थोडक्यात

- ‘दुप्पट’, ‘निम्मा’, ‘५० टक्के’ ऐकले की विचारा: शंभरात किती?
- ब्लॉकचे टक्के म्हणजे अटॅकचे टक्के नव्हेत.
- ‘हाय रिस्क’ म्हणजे निदान नव्हे.
- उपचार घेऊन आणि न घेता, अशी दोन चित्रे शेजारी ठेवा.
- शंभरातला आपला ठिपका कोणता, हे कुणालाच माहीत नसते. म्हणून निर्णयात डॉक्टरांच्या ज्ञानाइतकेच तुम्हाला काय महत्त्वाचे वाटते, यालाही वजन आहे.

पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना जुन्या रिपोर्टांच्या पिशवीत एक वही आणि पेनही ठेवा.